स्वल्पविरामसाहेबांची दुसरी निवृत्ती

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभाग नावाची खोली होती आणि त्या खोलीत विभागप्रमुख म्हणून एक साहेब होते. तोंडावर लोक त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. पाठ वळली की स्वल्पविरामसाहेब. त्यांच्या टेबलावरून जाणारा कुठलाही कागद दोन-चार स्वल्पविराम अंगावर घेतल्याशिवाय पुढे सरकत नसे. कँटीनच्या भिंतीवर 'हात धुवून जेवा' अशी पाटी होती. तिच्यावरही त्यांनी पेन चालवलं होतं. तेव्हापासून तिथे 'हात धुवून, जेवा' असं होतं आणि लोक ते वाचून उगीचच क्षणभर थांबत.

साहेबांचं काम तक्रारींना उत्तरं द्यायचं. कुणाच्या पंपाला पाणी चढायचं नाही, कुणाचा पंप रात्रभर कण्हायचा, कुणाला बटण दाबताच झटका बसायचा. साहेब लिहायचे, 'आपल्या पत्राची नोंद घेतली असून, सदर बाब, संबंधितांच्या निदर्शनास आणून दिली आहे.' हे वाचून आजवर एकही पंप सुरू झाला नव्हता, पण माणूस जरा नरमायचा. त्याने पुन्हा लिहिलं तर दुसरं उत्तर पहिल्याहून लांब जायचं. तिसऱ्या पत्रापर्यंत बहुतेक लोक हात टेकायचे आणि दुसऱ्या कंपनीचा पंप घ्यायचे. याला कंपनीत तक्रार निकाली निघणं म्हणत. साहेबांनी स्वतः चालता पंप कधी पाहिला नव्हता. कारखाना अंगणापलीकडेच होता, पण तेलाच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं.

आपण एक दिवस नसलो तर विभाग बसेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून ते रजा घेत नसत आणि इतरांनाही सहजासहजी देत नसत. रजेचा पहिला अर्ज नाकारायचाच, हे त्यांचं तत्त्व. "ज्याला खरी गरज आहे तो दुसरा अर्ज करतोच," असं ते सांगत. घरी बायको म्हणायची, "अहो, एकदा तरी कुठे जाऊ या." ते म्हणायचे, "निवृत्त झालो की जाऊच." बिचारीने तीस वर्षं त्या एका वाक्यावर काढली.

निवृत्तीला महिना राहिला आणि वरून आदेश आला की सर्व कर्मचाऱ्यांना घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता आला पाहिजे. महिन्याभरात जाणाऱ्या माणसाला ही सोय कशाला, असं कुणालातरी वाटलं असेलही. पण आदेशात 'सर्व' होतं, आणि जाणारा माणूससुद्धा जाईपर्यंत कर्मचारीच असतो.

हे काम संगणक विभागातल्या एका बाईंकडे होतं. दिवसभर लोकांना पासवर्ड वाटायच्या म्हणून त्यांचं नाव पासवर्डबाई पडलं होतं. एका रविवारी सकाळी त्यांनी साहेबांना घरी फोन केला.

"सर, पडद्यावर एक चौकोन आलाय ना? त्यात 'मान्य आहे' असं लिहिलंय. ते दाबा."

"काय मान्य करायचंय?"

"काही नाही सर, अटी असतात."

"मग वाचतो आधी."

पासवर्डबाईंनी फोन कानाला लावूनच भांडी घासली. साहेबांनी सगळ्या अटी वाचल्या, त्यातल्या भाषेच्या चुका फोनवरून सांगितल्या आणि मग 'मान्य आहे' दाबलं. पुढचं संकट त्याहून मोठं होतं. मोबाइलवर सहा आकडे येणार आणि ते अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरवर घालायचे. आकडे आले. साहेबांनी कागद शोधला, पेनचं टोपण काढलं, आकडे वळणदार अक्षरात उतरवले, खाली रेघ मारली आणि एकदा पडताळून पाहिले. तोवर ते शिळे झाले. नवे आले, तेही शिळे झाले.

"सर, लिहू नका ना! बघा आणि घाला!"

"न लिहिता? उद्या कुणी विचारलं तर?"

शेवटी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने मोबाइल उचलला आणि आकडे खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. साहेबांनी मुकाट्याने टाइप केले. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग त्यांच्या ऑफिसचा पडदा घरातल्या टेबलावर उमटला. त्याच फायली, त्याच रांगेत.

"अगं, बघ! माझं ऑफिस!"

बायकोने चष्मा वर केला. "हे? मला वाटलं काहीतरी असेल."

पासवर्डबाईंनी शेवटची सूचना दिली. "सर, दोन्हीकडे एकच पडदा दिसतो. तुम्ही इकडे काही हलवलंत की तिकडेही हलणार. म्हणून तिकडच्या कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसलं असेल तर सांभाळून."

"माझ्या कॉम्प्युटरवर दुसरं कोण बसणार?" साहेब म्हणाले.

महिना संपला. निरोप समारंभ झाला. मोठ्या साहेबांनी त्यांना विभागाचा आधारस्तंभ म्हटलं. आता भरपूर फिरा, असं म्हणून कंपनीने त्यांना चाकांची बॅग दिली. साहेबांनी ओळखपत्र परत केलं, किल्ल्या परत केल्या, पेन्सिलीसुद्धा मोजून दिल्या. फक्त ती घरून कॉम्प्युटर चालवायची सोय तेवढी राहिली. ती बंद करायची तर विभागप्रमुखाने लेखी विनंती करायला हवी होती. आणि विभागप्रमुख तर निवृत्त झाले होते.

त्यानंतरच्या सोमवारी साहेब नेहमीच्या वेळेला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जायला कुठेच नाही म्हणून कॉम्प्युटरपुढे बसले. सहज, चालतंय का बघावं म्हणून त्यांनी आकडे घातले. एव्हाना ते न लिहिता घालता येऊ लागले होते. पडदा उजळला. त्यांच्या फायली तशाच होत्या, पण बाण आपोआप हलत होता.

त्यांच्या खुर्चीत नवी मुलगी बसली होती. माल पाठवण्याच्या विभागातून तिला इकडे प्रभारी म्हणून आणलं होतं. साहेबांनी तिला एकदाच पाहिलं होतं आणि मनात तिचं नाव 'नवी' असंच ठेवलं होतं. ही नवी एका गिऱ्हाइकाला पत्र लिहीत होती. साहेब श्वास रोखून बघत राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली, 'तुमचा पंप बिघडला, चूक आमची आहे. उद्या माणूस पाठवते.'

चूक आमची! साहेब खुर्चीत पुढे सरकले. तीस वर्षांत कंपनीने ते दोन शब्द कागदावर उतरवले नव्हते. त्यांचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनी वाक्य पुसलं.

तिकडे नवीने ते पुन्हा लिहिलं. साहेबांनी पुन्हा पुसलं. तिने माऊस आपटला, उलटा करून पाहिला, शेजारच्याला दाखवला. संगणक विभागाने अपडेट चालू असेल असं सांगितलं. तिथे दुखण्यावर हे एकच औषध होतं. दुपारपर्यंत ही खेचाखेची चालली. शेवटी नवीने हात मागे घेतले, थोडा विचार केला आणि कोऱ्या पानावर टाइप केलं, 'कोण आहे'

साहेबांनी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मिनिटभर ते तसे बसलेही. पण ते वाक्य पुढ्यात उघडंबागडं उभं होतं. त्यांनी बाण हळूच शेवटी नेला आणि एक प्रश्नचिन्ह घातलं.

नवीने लगेच लिहिलं, 'नमस्कार सर.'

इथे दुसरी कुणी असती तर आरडाओरडा करून मोकळी झाली असती. नवी हुशार होती. तिच्या पुढ्यात महिन्याचा अहवाल पडला होता, आणि अहवाल म्हटलं की ती तो उद्यावर ढकली. तिने लिहिलं, 'सर, हा अहवाल तुमच्यासारखा कुणालाच जमत नाही. जरा बघता?'

साहेबांनी 'बघतो' असं लिहिलं आणि बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? अडलं शेवटी माझ्यावाचून!"

तेव्हापासून विभागाचं काम सुरळीत चालू झालं. नवी सकाळी कॉम्प्युटर सुरू करी, कामं कोऱ्या पानावर लिहून ठेवी आणि मेकॅनिकांबरोबर कारखान्यात किंवा गिऱ्हाइकांकडे जाई. तिला पंप उघडून बघायला आवडायचं. इकडे साहेब घरी बसून अहवाल लिहीत, आढावे लिहीत, वरच्या साहेबांना खुलासे लिहीत. हळूहळू शेजारच्या खरेदी विभागाचे खुलासेही येऊ लागले. कुणी केले हे कुणी विचारत नव्हतं, वेळेवर होत होते एवढं पुरे होतं. बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "या मुलीने स्वल्पविरामसाहेबांची भाषा काय छान उचलली आहे!" नवीने ते साहेबांना प्रामाणिकपणे कळवलं. साहेब दिवसभर खूष होते. संध्याकाळी मात्र चहा घेताना म्हणाले, "मला कधी म्हणाले नाहीत ते, छान म्हणून."

घरात ऑफिसचे नियम लागू झाले. साहेबांना डबा लागू लागला. ताट नको, डबाच; ताटाने कामाची लय मोडते म्हणे. सकाळी मिक्सर लावायचा नाही, कुकरच्या शिट्ट्या दुपारच्या सुट्टीत. बायको हे सगळं करून डबा भरायची आणि सात पावलांवरच्या टेबलावर नेऊन ठेवायची. एकदा शेजारणीने विचारलं, "निवृत्त झाले ना ग हे?" बायको म्हणाली, "हो ना. आधी हे ऑफिसला जायचे, आता ऑफिस माझ्याकडे येतं."

अशात बायकोच्या बहिणीचा फोन आला. समुद्रकाठी आठवडाभर एक घर मिळत होतं, दोघी बहिणी आणि दोघींचे नवरे. बायकोने न विचारता हो म्हटलं आणि रात्री जेवताना सांगितलं.

साहेबांचा घास हातातच राहिला. "पण रजा मिळायला हवी."

"कुणाची रजा?"

"माझी."

बायकोला वाटलं, थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच अर्ज लिहिला. 'कौटुंबिक कारणास्तव, एक आठवड्याची रजा, मिळावी, ही विनंती.' संध्याकाळी त्याखाली उत्तर आलं, 'सर, महिनाअखेर आहे. आत्ता शक्य नाही. क्षमस्व.'

साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "नाही मिळाली," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण त्या दुःखाला कुठेतरी इस्त्रीची घडी होती. "काय करणार. महिनाअखेर आहे."

बायकोने गॅस बारीक केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला पगार नाही. ओळखपत्र नाही. खुर्ची नाही. आणि रजा नाही. मग तुमच्याकडे आहे तरी काय हो?"

"जबाबदारी आहे," साहेब म्हणाले आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कामाला बसल्यावर बायकोने दूध मंद आचेवर ठेवलं, "जरा लक्ष ठेवा, मी आलेच," असं सांगितलं आणि रिक्षा करून थेट कंपनी गाठली. नवरा इतकी वर्षं जिथे जायचा ती खोली ती पहिल्यांदाच बघत होती. खोली अगदीच लहान निघाली. खिडकीतून पत्र्याची भिंत दिसत होती.

नवी तिला पाहताच उठली. फोटोवरून ओळखलं असेल किंवा तिच्या चालीवरून. "काकू? बसा ना."

"बसायला नाही आले. रजा का नाकारलीस माझ्या नवऱ्याला?"

नवी ओशाळली. तिने दार लोटून घेतलं. "काकू, खरं सांगू? सर स्वतःच सांगायचे, पहिला अर्ज नाकारायचा. सगळ्या कंपनीला माहीत आहे. मी झट्दिशी हो म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. मागे एकदा दिवसभर काम नाही ठेवलं, तर दुपारी पडद्यावर लिहिलं त्यांनी, 'माझे काही चुकले का?' मी त्यांच्या दुसऱ्या अर्जाची वाट बघत होते."

बायकोने तिला निरखून पाहिलं. "आणि महिनाअखेरचा अहवाल?"

नवीने मान खाली घातली. "तोही आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तेवढ्यात बायकोची नजर पडद्याकडे गेली. तिथे एक वाक्य उमटत होतं. एक शब्द आला, थांबला, पुसला गेला. त्याऐवजी दुसरा आला. मग तो पुसून पुन्हा पहिलाच आला. बराच वेळ काही हललं नाही आणि मग एक स्वल्पविराम आला, एखाद्याने जपून देव्हाऱ्यात फूल ठेवावं तसा. नवऱ्याला काम करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचा राग जरा उतरला. हा माणूस तीस वर्षं इथे बसून हेच करत होता, आणि मनापासून करत होता.

मग तिला काहीतरी आठवलं. तिने नवीला बाजूला सारून एका बोटाने टाइप केलं, 'अहो दूध'

तिकडचा बाण जागीच थिजला. मग अक्षरं आली, 'आपण कोण?'

'तुमची बायको दूध उतू जाईल उठा'

पुढे बराच वेळ पडद्यावर काही आलं नाही. नंतर कळलं की दूध गेलंच होतं. थोड्या वेळाने एकच ओळ उमटली, 'तू तिथे काय करतेस?' आणि तिने लिहिलं, 'तुमचा दुसरा अर्ज घेऊन आलेय.'

रजा मंजूर झाली.

समुद्रावर साहेब पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी साडूने त्यांना ओढून वाळूत नेलं. चौथ्या दिवशी ते आपणहून गेले, आणि परत आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. पाचव्या दिवशी नवीचा फोन आला.

अहवाल गेला नव्हता. मोठ्या साहेबांनी विचारलं, का? खरेदी विभागाचा खुलासाही गेला नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं, का? दोन विभागांचं एकाच वेळी एकच दुखणं निघालं, तेव्हा नवीने सगळं खरं सांगून टाकलं.

मोठे साहेब चिडले नाहीत, घाबरले. कंपनीच्या वकिलांना बोलावलं. वकील म्हणाले, या गृहस्थांना कर्मचारी म्हणाल तर इतक्या महिन्यांचा पगार द्यावा लागेल. परका माणूस म्हणाल तर तो कंपनीत घुसला असं होईल. मग पोलिसांत जावं का? पण तिथे सांगणार काय, की एक माणूस आमच्याकडे शिरला आणि आमची कामं करून गेला? तीन बैठका झाल्या. कॉम्प्युटरची सोय आधी बंद करा, असं ठरलं. पासवर्डबाईंनी विभागप्रमुखाची लेखी विनंती मागितली. नवीची नेमणूक अजून प्रभारीच होती, तिची सही चालेना. कागदोपत्री विभागप्रमुख म्हणून एकच नाव होतं.

म्हणून समुद्रावरून परतल्यावर स्वल्पविरामसाहेबांना सन्मानाने बोलावण्यात आलं. स्वतःला बाहेर काढण्याच्या विनंतीवर त्यांनी स्वतः सही करायची होती. आणि ती सही नुसती घेणं बरं दिसत नाही म्हणून पुन्हा निरोप समारंभ ठेवला होता.

साहेब बायकोला घेऊन गेले. मोठ्या साहेबांनी तेच भाषण केलं, विभागाचा आधारस्तंभ वगैरे. 'प्रदीर्घ सेवा' या शब्दांपाशी मात्र ते अडखळले, कारण नेमकी किती प्रदीर्घ ते वकिलांनी सांगू नका म्हटलं होतं. टाळ्या झाल्या. मग विनंतीचा कागद पुढे आला. साहेबांनी तो वाचायला घेतला आणि सगळ्यांनी खुर्च्यांत पाय लांब केले. पण या वेळी त्यांनी पेन एकदाच उचललं, सही केली आणि कागद परत दिला.

"सर," नवी हळूच म्हणाली, "दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिलाय."

"असू दे," साहेब म्हणाले. "तू घाल."

निघताना नवी म्हणाली, "चला, कारखाना दाखवते तुम्हाला." तेलाचा वास आला तेव्हा त्यांनी रुमाल नाकाला लावला, पण मागे फिरले नाहीत. एका मेकॅनिकने दुरुस्तीला आलेला पंप जोडून सुरू केला. पंप आधी कण्हला, मग थरथरला, आणि नळीतून पाण्याचा जाड लोट टाकीत पडला. साहेब बघतच राहिले.

"बिघाड काय होता?" त्यांनी विचारलं.

"आतलं रबर झिजलं होतं," मेकॅनिक म्हणाला. "किरकोळ काम. पण या माणसाने वर्षभर पत्रं लिहिली म्हणे."

साहेबांनी रुमाल नाकावरून काढून खिशात ठेवला.

घरी परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. बायको म्हणाली, "कसं वाटतंय?"

"रबर होतं नुसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, दाढी केली आणि शर्ट घालायचा की नाही या विचारात बराच वेळ कपाटापुढे उभे राहिले. मग बनियनवरच स्वयंपाकघरात आले. बायको मिक्सर लावत होती.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्यापुढे लसणाची टोपली सरकवली. साहेब खुर्चीत बसले. एकेक पाकळी उजेडात धरून, उलटसुलट करून, सालीचा कणसुद्धा राहणार नाही अशी ते सोलू लागले. भाजीची फोडणी खोळंबली, मग भाजी खोळंबली. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला, पण बायकोने टोपली काही परत घेतली नाही.